पाहुणे विमान बघायला आलेत

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम गावात शनिवारी सकाळी कुणी गृहस्थ गॅरेज झाडताना दिसला, तर समजावं की त्याच्याकडे आज पाहुणे येणार आहेत. गेली पाच वर्षं त्या गॅरेजात गाडी शिरलेली नाही. ती बिचारी बाहेर बर्फात उभी असते. आत विमान आहे. अर्थात ते अजून सगळं एका जागी आलेलं नाही. धड मधोमध लाकडी घोड्यांवर, पंख भिंतीला टेकून, आणि शेपटीचा आडवा भाग वरच्या खोलीत, आल्यागेल्यासाठी ठेवलेल्या पलंगावर. बायकोने त्याबद्दल बोलणं सोडलं, त्यालाही आता तीन वर्षं झाली.

गृहस्थ कॉफी लावतो, डोनट मांडतो, ॲल्युमिनियमचा कीस केरसुणीने कोपऱ्यात लोटतो आणि टेबलावरचा दिवा जरासा डावीकडे सरकवतो. उजव्या पंखाच्या खालच्या अंगाला, तिसऱ्या फासळीपाशी, एका रविवारी रात्री त्याचा हात घसरला होता. तिथे उजेड कमी असलेलाच बरा.

मराठी वाचकाला हा प्रसंग कुठेतरी पाहिल्यासारखा वाटेल. हा सरळसरळ कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. मुलगी म्हणून विमान आहे, मुलीचा बाप म्हणून तो गृहस्थ आहे, आणि येणारे पाहुणे मान तिरकी करून, चष्मा नाकावर ओढून बघणार आहेत. फरक एकच. इथे पाहुण्यांना खोट काढण्यासाठीच मुद्दाम बोलावलेलं असतं. त्यांनी ती काढली की बापाला जो राग येतो तो मात्र आपल्याकडच्यासारखाच.

हे पाहुणे कोण? तर ‘टेक्निकल काउन्सेलर’. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकाने विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींना जमवून ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ काढली. सुरुवातीला संस्थेचा कारभार त्याच्या घराच्या तळघरातून चाले. आज त्याच संस्थेच्या जुलैअखेरच्या जत्रेला ऑशकॉश गावात हजारो विमानं उतरतात. या संस्थेने देशभर जाणकार स्वयंसेवक नेमून ठेवले आहेत. कुणी स्वतः विमान बांधलेला, कुणी विमानांचा मेकॅनिक, कुणी निवृत्त इंजिनियर. बोलावलं की ते घरी येतात, विमान बघतात, चार शब्द सांगतात. फी घेत नाहीत. पंख पत्र्यांनी कायमचे मिटण्याआधी, इंजिन बसल्यावर, शेवटी उडण्याआधी, असं निदान तीनदा तरी त्यांना बोलवावं, असं संस्था सांगते.

गंमत अशी की या माणसाला कसलाही अधिकार नसतो. तो विमान पास करू शकत नाही, नापासही करू शकत नाही. तो फक्त बघतो आणि बोलतो. आपल्याकडे बांधकामावर येऊन ‘कॉलम जरा तिरका वाटतोय हो’ म्हणणारे असे अनधिकृत काउन्सेलर गल्लोगल्ली आहेत. अमेरिकनांनी त्यांना विषयाची माहिती असण्याची अट घातली, एवढंच.

मग ज्याला अधिकार आहे तो माणूस काय करतो? हा सगळा मामला समजून घ्यायचा तर अमेरिकी कायदा थोडा बघावा लागतो. तिथे माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी विमान बांधायला परवानगी आहे. अट ही की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं पाहिजे. बोलीभाषेत याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. विमान पुरं झालं की सरकारी विमान-प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा, निरीक्षक येतो. त्याला वेळ नसेल तर एफएएने नेमलेला खाजगी प्रतिनिधी येतो. सरकारी निरीक्षक फुकट असतो पण सवडीने येतो. प्रतिनिधी काहीशे डॉलर घेतो पण लवकर येतो. हा हिशेब समजायला मराठी माणसाला अनुवादाची गरज नाही.

हा अधिकृत माणूस आला की आधी कागद मागतो. बांधकामाची रोजनिशी, फोटो, वजनाचा तक्ता, नोंदणी. फोटोंत नुसता पंख दिसून भागत नाही, रिव्हेटगन हातात धरलेला मालक दिसावा लागतो; नाहीतर पंख दुसऱ्याच कुणी बांधला नाही कशावरून? त्यामुळे घरोघरच्या बायका इच्छा नसताना छायाचित्रकार झालेल्या असतात, आणि त्यांच्या अल्बममध्ये मुलांच्या वाढदिवसांहून नवऱ्याच्या पाठीचे फोटो जास्त निघतात. मग तो माणूस आत शिरायच्या दारापाशी ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत आहे ना, हे बघतो. प्रवाशाला दिसेल अशी सूचना आहे का, हे बघतो. सूचनेचा भावार्थ असा, की हे विमान हौशी माणसाने बांधलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही. मेहुण्याला फिरवून आणण्याचं आमंत्रण देताना समोरच हे वाक्य असणं फारसं सोयीचं नसतं.

शिवाय एक न जळणारी धातूची पट्टी विमानाला ठोकावी लागते. तिच्यावर निर्मात्याचं नाव कोरलेलं असतं. बोइंग, एअरबस यांच्या ओळीत आता दंतवैद्य आणि शाळामास्तर येऊन बसतात. पट्टी न जळणारी का हवी, याचा विचार बहुतेक जण ती ठोकून झाल्यावर करतात.

अर्थात निरीक्षक विमानही बघतो. झाकणं उघडून ठेवायला सांगतो, विमान चालवायची काठी हलवून बघतो, टॉर्च मारतो. पण तो येतो तेव्हा पंखाचे पत्रे कधीच मिटलेले असतात. आत काय दडलंय ते त्याला दिसत नाही आणि रचनेची हमी देणं हे त्याचं कामही नाही. पूर्वी एफएएची माणसं पंख मिटण्याआधी येऊन आत डोकावत. पुढे ती पद्धत बंद झाली. त्यामुळे आज परिस्थिती अशी आहे, की ज्याची सही लागते तो मुख्यतः कागद आणि कवच बघतो. आणि पोटातलं बघायला येतो तो डोनट खायला आलेला, सहीचा अधिकार नसलेला म्हातारा.

तो म्हातारा आता गॅरेजात आलेला आहे, त्याच्याकडे वळू.

त्याच्याजवळ दोनच हत्यारं असतात. एक टॉर्च, आणि दंतवैद्याकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा. तिसरं हत्यार म्हणजे त्याचं गप्प राहणं. तो धडाभोवती एक पूर्ण फेरी मारतो, प्रदक्षिणेसारखी, आणि काही बोलत नाही. मालकाच्या पोटात गोळा येतो. मग म्हातारा एका जागी थांबतो, आरसा आत घालतो आणि म्हणतो, “इंटरेस्टिंग.”

हा शब्द घरी विमान बांधणाऱ्यांना जेवढा माहीत आहे तेवढा शब्दकोशकारांनाही नसेल. ‘चूक’ म्हणायचा अधिकार नाही म्हणून तो ‘इंटरेस्टिंग’ म्हणतो. एका इंटरेस्टिंगची किंमत सरासरी दोन शनिवार असते.

इंटरेस्टिंग काय काय असू शकतं? दोन माणसांच्या धातूच्या विमानात दहा-बारा हजार रिव्हेट सहज असतात. प्रत्येक रिव्हेट ठोकल्यावर मागचं डोकं दांड्याच्या जाडीच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्मं उंच व्हावं लागतं. जास्त ठोकलं तर ते पापडासारखं पसरतं, कमी ठोकलं तर वडीसारखं राहतं. ठोकताना गन घसरली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. त्याला हे लोक ‘स्मायली’ म्हणतात. तो खड्डा हसतो आणि मालक रडतो. दिवा डावीकडे सरकवून लपवलेला असाच एक स्मायली म्हाताऱ्याने आल्या आल्या पाहिलेला असतो. त्यावर त्याचा सल्ला बहुधा असा असतो, “हात लावू नकोस.” कारण वाईट रिव्हेट पोखरून काढताना भोक मोठं होतं, मग मोठा रिव्हेट घालावा लागतो, त्यात शेजारच्या भोकाची कड फाटते, आणि एका गालबोटाचं भगदाड होतं. जन्मभर चुका केलेल्या माणसालाच कुठली चूक सोडून द्यायची ते कळतं. पुस्तक वाचून आलेला असता तर त्याने अख्खा पंख उसवायला लावला असता.

मग बोल्ट. विमानाचा बोल्ट शक्यतो डोकं वर किंवा पुढे करून घालायचा. म्हणजे उद्या नट पळून गेला तरी बोल्ट संसार सोडत नाही. नटाच्या बाहेर आटे दिसले पाहिजेत. हलणाऱ्या सांध्यावरच्या नटात कॉटर पिन हवी. इंजिनाच्या उष्ण भागात नायलॉनचं कडं असलेला नट नको, कारण तिथे नायलॉन मऊ पडतं आणि नट मनमोकळा होतो. इंधनाच्या नळीच्या जोडावर नळकाम करणाऱ्यांची पांढरी टेफ्लॉन पट्टी गुंडाळलेली दिसली, तर म्हातारा इंटरेस्टिंगसुद्धा म्हणत नाही, नुसता बघत राहतो. त्या पट्टीची एक चिंधी सुटून कार्ब्युरेटरपर्यंत गेली की पुढची कथा शेतात संपते. आणि गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट! विमानाच्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. ती नसलेलं एक डोकं शेकडो डोक्यांतून म्हाताऱ्याला कसं दिसतं, हे न सुटलेलं कोडं आहे. लग्नाच्या पंगतीत न बोलावता बसलेला माणूस घरच्या आत्याबाईंना जसा बरोबर दिसतो, तसंच बहुधा.

नीट आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढायची पद्धत आहे. नट हलला तर रेघ तुटते. हळदीचं बोट लागलं की नवरीचं ठरलं, तसं रेघ लागली की नटाचं ठरलं. ज्याला रेघ नाही तो अजून उपवर. म्हातारा असे उपवर नट शोधतो आणि विचारतो, “इथे काम करताना कुणी हाक मारली होती का?” मालक आठवून पाहतो. हो, जेवायला हाक आली होती. अर्धवट राहिलेल्या नटांच्या कुंडल्या काढल्या तर निम्मे जेवणाच्या वेळेला जन्मलेले निघतील.

विमान काचतंतू आणि फोमचं असेल तर टॉर्चऐवजी खिशातून नाणं निघतं. पृष्ठभागावर नाणं टकटक वाजवत जायचं. आवाज टणक आला तर थर चिकटलेले आहेत, भद्द आला तर आत पोकळ सुटलंय. ही परीक्षा कुंभाराकडे मडकं घेणाऱ्या, बाजारात कलिंगड थापटणाऱ्या कुठल्याही बाईला शिकवावी लागणार नाही. लाकडाच्या विमानात आणखी वेगळं. प्रत्येक वेळी कालवलेल्या गोंदाचा एक नमुना दोन फळकुटांत चिकटवून, तारीख घालून ठेवायचा आणि नंतर तो मोडून बघायचा. लाकूड फाटलं तर गोंद चांगला, गोंद सुटला तर ज्या दिवशी तो कालवला त्या दिवशीचं सगळं काम संशयित. थोडक्यात, शितावरून भाताची परीक्षा. मालकाच्या फडताळात अशी मोडलेली शितं बरणीत भरून ठेवलेली असतात.

प्रश्न असा, की पाच वर्षं दररोज तेच विमान बघणाऱ्या माणसाला हे का दिसत नाही? तो आंधळा नसतो, आळशी तर नसतोच. पण लेखकाला स्वतःच्या मजकुरातला मुद्राराक्षस दिसत नाही, हे छापखान्यात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डोळा कागदावर असतो आणि वाचलं जातं ते डोक्यातलं. ‘कृपया’ लिहायचं होतं म्हणून ‘कृपाय’ हे ‘कृपया’च दिसतं. बांधणाऱ्याला पिन घालायची होती, म्हणून ती घातलेलीच दिसते. मुद्रितशोधक दुसरा लागतो. छापखान्यात शुद्धिपत्र जोडून वेळ निभावता येते. तीन हजार फुटांवर ती सोय नाही.

आणि हे फक्त हौशी लोकांचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. ११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचं एम्ब्रेअर जेट मोठ्या दुरुस्तीनंतर अल्वेर्काहून उडालं. धंदेवाईक कारखाना, धंदेवाईक माणसं, शिक्के, सह्या सगळं होतं. पण पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या एलेरॉनच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. वैमानिक डावीकडे वळवायचा, विमान उजवीकडे कलायचं. वैमानिकांनी झुंजत झुंजत, लढाऊ विमानांच्या सोबतीने, शेवटी बेजाच्या धावपट्टीवर ते उतरवलं. म्हणून म्हातारा कॉकपिटमध्ये बसून काठी डावीकडे करतो आणि मालकाला विचारतो, “डावीकडचा एलेरॉन कुठे गेला?” मालक न बघता म्हणतो, “वर.” म्हातारा म्हणतो, “बघून सांग.”

न बघता सांगण्याचा इतिहास जुना आहे. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये आंरी मिन्ये नावाच्या हौशी माणसाने एक चिमुकलं विमान काढलं. नाव ‘आकाशातली ऊ’. इंग्रजांनी तिची पिसू केली. एकामागे एक दोन पंख, इवलंसं इंजिन. ज्याला लाकडी खोकं ठोकता येतं त्याला हे बांधता येईल, असा त्याचा दावा होता, आणि १९३४ च्या त्याच्या पुस्तकाने फ्रान्स-इंग्लंडातली शेकडो माणसं खोकी सोडून विमानं ठोकायला लागली. विमान उडायचंही. मिन्ये स्वतः ते उडवत इंग्लिश खाडी ओलांडून गेला. मग एकेक अपघात व्हायला लागले, साधारण एकाच पद्धतीचे: नाक खाली झुकायचं आणि पुन्हा वर यायचंच नाही. १९३६ मध्ये इंग्लंडात फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-मदोंला अख्खं विमान वाऱ्याच्या बोगद्यात टांगून पाहिलं, तेव्हा कळलं की ठरावीक कोनाच्या पलीकडे नाक झुकलं की पुढच्या आणि मागच्या पंखांवरून वाहणारी हवा एकमेकींच्या आड येते आणि काठी ओढून उपयोग होत नाही. शेकडो गॅरेजांत सुतारकाम सुबक असेल. त्यांत जाणकार शेजारी येऊन टॉर्च मारूनही गेले असतील. खोट गॅरेजात नव्हतीच, नकाशात होती. टॉर्चचा उजेड तिथवर पोचत नाही.

उलट उदाहरण अधिक प्रसिद्ध आणि अधिक चटका लावणारं आहे. इथे नकाशा चांगला होता. बर्ट रुटानच्या ‘लाँग-ईझी’ या घरगुती विमानात इंधनाच्या टाक्या बदलायची चावी वैमानिकाच्या पायांमध्ये, हाताशी दाखवलेली आहे. एका बांधणाऱ्याला इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नको होत्या, म्हणून त्याने चावी मागच्या भिंतीवर, वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे नेली. एका अंगाने बघितलं तर विचार वाईट नव्हता. पुढे ते विमान विकलं गेलं, आणि शेवटी ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’वाल्या जॉन डेन्व्हरने ते घेतलं. चावी हाताला येत नाही हे मेकॅनिकच्या आणि त्याच्या लक्षात आलं होतं. पक्कड लावून ती लांब करता येते का, तेही त्यांनी करून पाहिलं, जमलं नाही. इंधनाचे काटे मागे असल्याने ते दिसावेत म्हणून मेकॅनिकने त्याला एक आरसा दिला. तोच, दांडीचा. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पॅसिफिक ग्रोव्हजवळ ते विमान समुद्रात कोसळलं आणि डेन्व्हर गेला. तपासयंत्रणेने काढलेला निष्कर्ष असा: मागे वळून चावी फिरवण्याच्या धडपडीत लक्ष उडालं, पाय रडरवर दाबला गेला आणि ताबा सुटला.

या विमानाला सगळे कागद होते.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०१२ मध्ये, अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने घरगुती विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास केला. त्यात दिसलं की निम्म्याहून अधिक अपघात, ज्याने बांधलं त्याच्या हातून नव्हे तर ज्याने आयतं विकत घेतलं त्याच्या हातून झाले होते. इंजिन बंद पडणं हे कारण ठळक होतं. मंडळाने सांगितलं, पहिल्या उड्डाणाआधी इंधनव्यवस्थेची चाचणी करा आणि ती लिहून ठेवा.

ही चाचणी बघण्यासारखी असते. विमान चढत असताना नाक जेवढं वर असेल तेवढं वर ठेवून इंधन पुरेसं येतं का, हे मोजायचं. पंप असेल तर इंजिनाच्या पूर्ण भुकेच्या सव्वापट, नुसत्या उतारावर येत असेल तर दीडपट. आता उभ्या विमानाचं नाक वर करायचं कसं? कुणी पुढची चाकं गाडीच्या रॅम्पवर चढवतो, कुणी शेपटीसाठी अंगणात खड्डा खणतो. खड्डा नेमका बायकोच्या गुलाबांच्या वाफ्यात पडतो, कारण बाकी अंगणात पंख ठेवलेले असतात. मग इंजिनाकडची नळी सोडून खाली बादली, हातात घड्याळ, आणि काउन्सेलर डोनट खात सेकंद मोजतोय. शेजारी पडद्याआडून बघतात. त्यांच्या दृष्टीने एक प्रौढ माणूस विमानाचं दूध काढतोय.

इंग्लंडात हा सगळा व्यवहार वेगळ्या रीतीने चालतो. तिथे ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ नेमते त्या निरीक्षकाला नुसता सल्ला द्यायचा नसतो, सही करायची असते. एकेका टप्प्यावर त्याने पाहून सही केल्याशिवाय पंख मिटायचे नाहीत. अमेरिकेतला म्हातारा आणि अमेरिकेतला अधिकारी एकाच कोटात घातल्यासारखा हा माणूस. लॉकडाऊनच्या काळात केरळहून तिकडे गेलेल्या एका इंजिनियरने चार जणांचं स्लिंग जातीचं विमान याच पद्धतीने बांधलं आणि बायकामुलींना युरोपात फिरवून आणलं, ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांतही झळकली होती.

महाराष्ट्राचं या विषयाशी नातं जुनं आहे, आणि दोन्ही टोकांचं. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा मराठी घरांत सांगितली जाते. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी ती पुढे जोडली गेली, त्या पोथीतल्या विमानांची तपासणी १९७४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केली आणि ती उडू शकणार नाहीत असं स्वच्छ सांगितलं. हाही काउन्सेलरचाच अहवाल म्हणायचा. फक्त यजमान अजून चिडलेले आहेत.

दुसरं टोक चारकोपचं. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीजवळच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. गॅरेज नाही, गच्ची. वाळत घातलेल्या कपड्यांच्या आणि पापडांच्या जागी. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते बांद्रा-कुर्ला संकुलात मांडायचं ठरलं तेव्हा क्रेन लावून ते खाली उतरवलं गेलं. क्रेनने आपलं काम चटकन केलं. फाइलीला इतकी घाई नव्हती. आपल्याकडे हौशी माणसाने विमान बांधलं तर त्याला कुठल्या नियमाखाली बसवायचं, यावर बराच काथ्याकूट झाला. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी. या अक्षरांत नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांची आद्याक्षरं आहेत, असं यादवांनीच सांगितलं. उडवून बघायचा परवाना २०१९ मध्ये आणि धुळ्याच्या धावपट्टीवरची चाचणी २०२० मध्ये. अमेरिकेत तपासनिसाला डोनट लागतो, इंग्लंडात चहा. आपल्याकडे तपासनीस यायला आधी नियम लागतो.

पुन्हा त्या गॅरेजात जाऊ. दरम्यान २०२३ मध्ये किटवाल्या, म्हणजे सुटे भाग विकत घेऊन घरी विमान जोडणाऱ्यांच्या जगात एक मोठा भूकंप होऊन गेला. अकरा हजारांहून अधिक उडालेली विमानं ज्यांच्या किटमधून झाली त्या ओरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टने लेझरने कापून दिलेल्या काही पत्र्यांच्या भोकांना चिरा पडू लागल्या. कंपनीने चाचण्या घेऊन कुठले भाग चालतील, कुठले बदलायचे याच्या याद्या काढल्या. डिसेंबरात तिला दिवाळखोरी-संरक्षण मागावं लागलं, पुढे ती सावरलीही. पण त्या हिवाळ्यात देशभरच्या गॅरेजांत माणसं भिंग घेऊन भोकं बघत होती आणि काउन्सेलरांचे फोन वाजत होते. पंख मिटलेल्यांचे जास्त.

आपल्या गृहस्थाचं विमान मात्र झालं. प्रतिनिधीने कागद बघून सही केली. ठरलेल्या हवेत, एकट्याने, गर्दीपासून लांब राहून चाचणीचे तास उडायचे. प्रमाणित इंजिन-पंख्याची जोडी असेल तर साधारण २५, नसेल तर ४०. तेही झाले. स्मायली अजून तिसऱ्या फासळीपाशी हसतोय. गाडी गॅरेजात शिरली, पण आता तिथे ड्रिलप्रेस असल्यामुळे दार उघडून बाहेर पडता येत नाही.

आणि कायद्याने त्याला एक बक्षीस दिलं: ‘रिपेअरमन’चं प्रमाणपत्र. दर बारा महिन्यांनी विमानाची जी पूर्ण तपासणी करावी लागते, ती आता तो स्वतः करून स्वतः सही करू शकतो. फक्त त्या एका विमानासाठी; विकलं तर नव्या मालकाला ते मिळत नाही. परीक्षार्थी तोच, परीक्षक तोच, आणि गुणपत्रिकेवर सहीही त्याचीच. एवढा सोयीचा कायदा जगात दुसरा नसेल.

पहिल्या वर्षाची तपासणी आली. सगळी झाकणं उघडून, यादी हातात घेऊन, दिवसभर खपून तो शेवटच्या ओळीपर्यंत आला. पेन काढलं. सगळं ठीक दिसत होतं. फारच ठीक दिसत होतं. त्याने पेन खिशात घातलं आणि म्हाताऱ्याला फोन लावला.

“नाही, तसं काही काम नाही,” तो म्हणाला. “सहज. शनिवारी कॉफीला येतोस का?”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

“टॉर्च आणू का?” म्हाताऱ्याने विचारलं.